थकलेली बिले आणि वागळे इस्टेटमधील काम

२०२० च्या टाळेबंदीत, माझ्या लेखनाच्या उत्पन्नापैकी निम्म्याहून अधिक वाटा ज्या एकाच जाहिरात संस्थेकडून येत असे, तिने नवे काम तर थांबवलेच, शिवाय आधीची तीन बिलेही सात महिने अडकवून ठेवली. सारी भिस्त एकाच ग्राहकावर ठेवण्याची चूक अर्थातच माझी होती.

त्या वर्षी १ जुलैपासून सुरू झालेली उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, मी ठाण्यातील नौपाड्याच्या घरी बसून, एक रुपयाही न भरता केली. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असल्यास ४५ दिवसांच्या आत आणि नसल्यास १५ दिवसांच्या आत नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ही तरतूद नोंदणी क्रमांकासह प्रत्येक बिलाच्या तळाशी छापू लागल्यापासून आठवणीचे फोन बरेच कमी झाले. जुनी बिले मात्र नोंदणीपूर्वीची असल्याने विनवण्या करूनच वसूल करावी लागली.

नवे काम ठाण्यातील वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत मिळाले. एका कारखान्यात पॉवर प्रेसवर (धातूचा पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) ‘हस्तप्रवेश निषिद्ध’ अशी पाटी होती; तिच्या जागी मी ‘मशीन बंद केल्याशिवाय हात आत घालू नका’ असे लिहून दिले. मालकांनी लगेच उरलेल्या अकरा यंत्रांच्या सूचनाही लिहायला सांगितल्या आणि निम्मे पैसे आगाऊ दिले.