दोन नावं विचारली, पत्ता एकच आला
सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला लागून काही महिने झाले होते. दोन सर्व्हरची नावं घ्यायची, त्यांचे आयपी पत्ते शोधायचे आणि शेवटी छापायचे, एवढाच प्रोग्रॅम. नावावरून पत्ता शोधणारं गेटहोस्टबायनेम हे फंक्शन दोनदा कॉल केलं, मिळालेले दोन्ही पॉइंटर जपून ठेवले आणि छापले. दोन्ही ओळींत क्रमांक दोनच्या सर्व्हरचाच पत्ता! अख्खी संध्याकाळ मी डीएनएसवर, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेवर, संशय घेत बसलो.

दोष डीएनएसचा नव्हता. हे फंक्शन उत्तर स्वतःच्या एका स्टॅटिक जागेत ठेवतं आणि त्या जागेचा पॉइंटर देतं. पुढच्या कॉलला तीच जागा पुन्हा लिहिली जाते. एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारे दोन थ्रेड एकाच वेळी आले तर काय होईल, याचा विचार करा. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकाच्या २००८च्या आवृत्तीतून ते काढून टाकलं, तरी जुन्या कोडमध्ये भेटतंच. ते वाचता येण्यापुरतं शिका, नव्या कोडमध्ये मात्र अजिबात नको.

तिथे तेच काम करणारं गेटॲड्रइन्फो वापरा. त्याला नाव, पोर्ट आणि हिंट्सचं, म्हणजे कसे पत्ते हवेत ते सांगणारं, स्ट्रक्चर द्यायचं. ते स्ट्रक्चर आधी मेमसेटने शून्य करा, नाहीतर आतला कचराही सूचना म्हणून वाचला जातो. सॉकेटचा, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीच्या टोकाचा, प्रकारही भरा. तो शून्य ठेवला तर लिनक्सवर एकेक पत्ता साधारणपणे तीनदा येतो: स्ट्रीम, डेटाग्राम आणि रॉ. उत्तर लिंक्ड लिस्ट म्हणून येतं, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींचे पत्ते त्यात असू शकतात. ही यादी दर कॉलला नवी बनते, म्हणून तिची मेमरी फ्रीॲड्रइन्फोने मोकळी करायची जबाबदारी आपली.

यादीतला पहिला पत्ता घेऊन थांबू नका. सॉकेट उघडा, कनेक्ट करून पाहा, नाही जमलं तर सॉकेट बंद करून पुढचा पत्ता घ्या. माझा क्लायंट आयपीव्ही६चा मार्ग बंद असलेल्या मशीनवर पहिल्याच पत्त्याशी हरायचा, आणि चालणारा आयपीव्ही४ पत्ता यादीत खालीच पडून असायचा.

गेटॲड्रइन्फोकडून एरर आली की एररनो या सिस्टिमच्या एरर-आकड्यावरून संदेश छापणारं पीएरर नको. कारण परत आलेल्या आकड्यात असतं, ते जीएआय-स्ट्रएरर शब्दांत सांगतं. ईएआय-सिस्टिम आलं तरच एररनो बघा.

आणि टर्मिनलवरचं डिग हे साधन एक पत्ता दाखवतंय, प्रोग्रॅमला दुसराच मिळतोय, असं झालं तर होस्ट्स फाइल, म्हणजे मशीनवरचीच नावं-पत्त्यांची यादी, उघडा. डिग थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. लिनक्सवर गेटॲड्रइन्फो मात्र नावं कुठे कुठे शोधायची ते लिहिलेल्या एनएसस्विच फाइलमधल्या क्रमाने जातं, आणि तिथे बहुधा होस्ट्स फाइलचा नंबर आधी असतो. टर्मिनलवर गेटएंट एहोस्ट्स आणि पुढे नाव लिहिलं, की प्रोग्रॅमला दिसणारी यादी समोर येते.