नदीकाठच्या बांधकाम प्रकल्पाची पर्यावरणीय छाननी नागरिकांनी कशी करावी

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. मात्र इमारती व वसाहतींचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळलेले आहेत. नदीकाठच्या रहिवाशांचे म्हणणे ऐकायला म्हणून कोणी येणार नाही, आणि म्हणूनच कागदपत्रे त्यांनी स्वतः वाचली पाहिजेत.

विकासकाचा अर्ज व आराखडे ‘परिवेश’ या केंद्रीय संकेतस्थळावरून उतरवून घ्यावेत आणि त्यांतील गट क्रमांक सातबारा व गाव नकाशाशी ताडून पाहावेत.

सर्वाधिक वेळ पूररेषेला द्यावा. महाराष्ट्रात निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध, तर दोन रेषांमधील क्षेत्र नियंत्रित असते. विकासकाच्या आराखड्यावर आखलेल्या रेषेवर विसंबू नये. जलसंपदा विभागाचा मूळ नकाशा माहिती अधिकारात मागवावा आणि त्याचे सर्वेक्षण कोणत्या वर्षीचे आहे हे आवर्जून पाहावे, कारण त्यानंतर झालेले पूल, भिंती आणि भराव त्या रेषेत धरलेले नसतात. माझ्या मते खरी मेख भरावातच असते. जमिनीची सध्याची व प्रस्तावित पातळी यांतील फरक काढला की पुराच्या पाण्याची किती जागा हिरावली जाणार हे कळते, आणि ते पाणी समोरच्या काठावर किंवा शेजारच्या सखल वस्तीत पसरते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर पुण्याच्या एकतानगरीत मुठेचे पाणी घरांत शिरले, ते नदीकाठच्या प्रत्येक शहराने ध्यानात ठेवावे.

जागेतून वाहणारे ओढे आराखड्यात वळवलेले किंवा नळांत बंदिस्त केलेले नाहीत ना, तसेच प्रक्रिया केलेले सांडपाणी शेवटी कोठे सोडणार, हेही तपासावे.

हरकत राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे, तिच्या बैठकीपूर्वीच, लेखी द्यावी. प्रत्येक मुद्द्यापुढे अर्जाचा पृष्ठ क्रमांक आणि जोडीला दिनांकित छायाचित्रे असावीत, कारण नुसत्या भावनेपेक्षा अशी हरकत डावलणे अवघड जाते. मंजुरी मिळाल्याची जाहिरात विकासकाने स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायची असते. ते कात्रण जपून ठेवावे: राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत मंजुरी कळवली गेल्यापासून ३० दिवसांची असते, आणि सबळ कारण दाखवल्यास न्यायाधिकरण जास्तीत जास्त आणखी ६० दिवस देऊ शकते. महाराष्ट्रासाठी हे अपील पुण्यातील पश्चिम विभागीय खंडपीठापुढे दाखल करावे लागते.