पेठ-सुरगाण्याला निघण्याआधी डिस्कची तयारी

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या शाळांमध्ये जुने डेस्कटॉप पुन्हा चालू करायला जाणार असाल, तर आपण बदल केलेली डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीची डिस्क नाशिकमध्येच पुरती तपासून घ्या. तिकडे नेट मिळेलच असं नाही. म्हणून तर मराठी फॉन्ट आणि लागणारी पॅकेजं आपण डिस्कवरच भरतो. ती बूटच झाली नाही, तर सगळी फेरी वाया.

आधी शाळेत फोन करून प्रोसेसरचं नाव विचारा. ३२ बिटचा असेल तर डेबियन १२ घ्या, कारण ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. यंत्र बायॉसवर चालतं की यूईएफआयवर (संगणक सुरू होताच चालणारी जुनी आणि नवी अंगभूत प्रणाली), हे मात्र फोनवर विचारत बसू नका. डिस्क दोन्हींवर चालेल अशीच बनवा.

बहुतेकांची डिस्क अडते ती इथेच. मूळ आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) उघडायची, फाइली बदलायच्या आणि फोल्डर तसंच डीव्हीडीवर उतरवायचं, एवढ्याने ती बूट होत नाही. यंत्र चालू झाल्यावर बायॉस तुमची फोल्डरं चाळत नाही. ते डिस्कवरचा सेक्टर १७, म्हणजे एक ठरलेला तुकडा, वाचतं. तिथे ‘एल तोरितो’ ही खूण आणि बूट कॅटलॉगचा (बूटच्या नोंदींच्या यादीचा) पत्ता असावा लागतो. फिनिक्स आणि आयबीएमने १९९५मध्ये ठरवलेली ही पद्धत आजही तशीच चालते. कॅटलॉगच्या पहिल्या नोंदीवरून आयसोलिनक्स या बूटलोडरचे (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचे) सुरुवातीचे २०४८ बाइट मेमरीत येतात आणि पुढचं तो स्वतः वाचतो. यूईएफआयसाठी त्याच कॅटलॉगमध्ये वेगळी नोंद असते. ती एका छोट्या फॅट इमेजकडे (फॅट पद्धतीने मांडलेल्या डिस्क-फाइलीकडे) बोट दाखवते आणि त्या इमेजमध्ये ग्रब हा दुसरा बूटलोडर असतो. या दोन्ही नोंदी लिहिण्याचं काम आयएसओ बनवणाऱ्या झोरिसो या प्रोग्रामचं. त्याचे पर्याय पाठ करायची गरज नाही: मूळ आयएसओतल्या ‘.डिस्क’ फोल्डरमध्ये ‘एमकेआयएसओएफएस’ नावाच्या फाइलीत डेबियनने वापरलेली पूर्ण आज्ञाच लिहिलेली आहे. ती समोर ठेवून आपली आज्ञा बेता.

तेच ‘.डिस्क’ फोल्डर कॉपी करताना हमखास सुटतं. नावाआधी टिंब असल्याने ते लपलेलं असतं आणि तारांकन देऊन केलेल्या कॉपीत येत नाही. मग मेनू येतो, कर्नलही (प्रणालीचा गाभा) चढतं, आणि इन्स्टॉलर म्हणतो की डिस्क सापडत नाही. ड्राइव्ह मात्र ठणठणीत असतो.

इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली प्रीसीड फाइल इनिटआरडीच्या (कर्नलसोबत मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसंचाच्या) मुळाशी ठेवा, म्हणजे इन्स्टॉलर ती आपोआप वाचतो. पण हार्ड डिस्कच्या विभागणीचं उत्तर त्यात लिहू नका, हे मी आग्रहाने सांगते. शाळेच्या संगणकावर मुलांचे निकाल असू शकतात, शिक्षकांची वर्षानुवर्षांची कागदपत्रं असू शकतात. तो प्रश्न माणसानेच वाचावा आणि गुरुजींना विचारून उत्तर द्यावं. नवी पॅकेजं घातली असतील तर त्यांची अनुक्रमणिका पुन्हा तयार करा, नाहीतर फाइल डिस्कवर असूनही इन्स्टॉलरला दिसणार नाही.

सिक्युअर बूट (सही नसलेला बूट प्रोग्राम अडवणारी सोय) चालू असलेल्या यंत्रांसाठी डेबियनचे सही केलेले शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम), ग्रब आणि कर्नल जसेच्या तसे राहू द्या. मेनूची फाइल बदलली तरी चालते, ग्रब स्वतः बनवून घातला तर यंत्र तो नाकारतं.

आता चाचणी. आयएसओ क्यूईएमयूमध्ये (आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एकदा साध्या बायॉसने आणि एकदा ओव्हीएमएफ (आभासी संगणकासाठीचं यूईएफआय) लावून यूईएफआयने चालवा. मेनू दिसला म्हणून थांबू नका, नेट बंद ठेवून शेवटपर्यंत इन्स्टॉल करा. नंतर एखाद्या खऱ्या जुन्या यंत्रावरही लावून पाहा, कारण कर्नल आल्यावर ड्राइव्ह वाचण्याची जबाबदारी बायॉसकडून कर्नलच्या ड्रायव्हरकडे जाते आणि ते क्यूईएमयूमध्ये नीट कळत नाही.

डीव्हीडी कमी वेगाने लिहा, लिहिल्यावर पडताळणी करा, दोन प्रती ठेवा. तोच आयएसओ पेनड्राइव्हवरही उतरवा. त्यासाठी मूळ आयएसओचे पहिले ४३२ बाइट (पेनड्राइव्हवरून बूट करून देणारा कोड) वेगळे काढून झोरिसोला द्यावे लागतात, तेवढं विसरू नका. सोबत काही सीआर २०३२ बॅटऱ्या घ्या. मदरबोर्डवरची बॅटरी संपली असेल, तर वीज गेली की आपण लावलेला बूटचा क्रमही जातो.