सरासरी पातळीवर कमी तापणारा ॲम्प्लिफायर: २ गिगाहर्ट्झवर डोहर्टी बांधताना

ओएफडीएम सिग्नल (एकाच वेळी अनेक वाहक लहरींवर माहिती नेणारा) बहुतेक वेळ हळू बोलतो आणि मधूनच ओरडतो. त्या ओरडण्याला जागा ठेवली की उरलेला सगळा वेळ ॲम्प्लिफायर उष्णता बनवत बसतो. समजा सरासरी ४ वॅट हवेत आणि शिखर सरासरीपेक्षा ७ डेसिबल वर आहे, म्हणजे २० वॅट. आदर्श क्लास-बी (अर्धेच आवर्तन वहन करणारा ॲम्प्लिफायर) पूर्ण ताकदीवर ७८.५ टक्के देतो, पण कार्यक्षमता व्होल्टेजच्या प्रमाणात घसरत असल्याने ७ डेसिबल खाली ती ३५ टक्क्यांवर येते. ४ वॅटसाठी ११.४ वॅट घ्यायचे आणि ७.४ वॅट हीटसिंकला द्यायचे, हा हिशेब झाला कागदावरचा. प्रत्यक्षात तो याहून वाईटच असतो.

यावरचा उपाय बेल लॅब्जमधल्या विल्यम डोहर्टी यांनी १९३६ मध्ये दिला. दोन ट्रान्झिस्टर वापरायचे: मुख्य सतत चालतो, पीकिंग फक्त शिखरांना मदत करतो, आणि मदतीला येताना तो मुख्य ट्रान्झिस्टरला दिसणारा लोडही (ज्या रोधात तो शक्ती ओततो) बदलतो. आदर्श डोहर्टीत हाच ७ डेसिबलवरचा आकडा ७० टक्के होतो. पहिल्याच बोर्डवर प्रत्यक्ष ४५ टक्के मिळाले तरी तक्रार करू नका.

आधी सिग्नल मोजा, ट्रान्झिस्टर नंतर निवडा. शिखर-सरासरी गुणोत्तर दहा हजारांत एकदा येणाऱ्या पातळीला वाचा. डिजिटल क्लिपिंग लावणार असाल तर लावल्यानंतरच. ७ डेसिबलच्या आसपास असेल तर दोन्ही बाजूंना सारखी शक्ती पुरते, कारण त्या रचनेत कार्यक्षमतेचा खालचा उंचवटा शिखराच्या ६ डेसिबल खाली येतो. पीकिंगला दुप्पट शक्ती देणाऱ्या १:२ रचनेत तो ९.५ डेसिबलपर्यंत जातो, पण मधला खड्डाही खोल होतो. सिग्नल खरोखर तेवढा टोकदार नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

आता लोड. २८ व्होल्टचा गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर, गुडघा-व्होल्टेज (ज्याखाली ट्रान्झिस्टर पूर्ण प्रवाह देत नाही) ४ धरले तर स्विंग २४ व्होल्ट. प्रत्येक बाजूच्या वाट्याला २० चे निम्मे येतात; त्या १० वॅटसाठी इष्टतम रोध म्हणजे २४ चा वर्ग भागिले २०, म्हणजे २८.८ ओहम. मूलभूत वारंवारतेचा प्रवाह ०.८३ अँपिअर, आणि क्लास-बीत शिखर-प्रवाह त्याच्या दुप्पट, १.६७ अँपिअर. ट्रान्झिस्टर एवढा प्रवाह देऊ शकतो का, हे डेटाशीटमध्ये पाहा.

प्रत्येक बाजू मॅचिंग नेटवर्कने ५० ओहमवर आणा. मुख्य बाजूनंतर ५० ओहमची पाव-तरंग रेषा (तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी, लहान रोधाचा मोठा आणि मोठ्याचा लहान करून दाखवणारी), मग दोन्हींचा जोडबिंदू, आणि तिथून बाहेर ३५.४ ओहमची दुसरी पाव-तरंग रेषा. त्यामुळे जोडबिंदूला २५ ओहम दिसतात. पीकिंग बंद असताना पहिली रेषा त्या २५ चे १०० करते; पूर्ण ताकदीवर दोन्ही बाजूंना ५० मिळतात. ३.६६ पराविद्युतांकाच्या ०.५०८ मिलिमीटर जाडीच्या बोर्डवर ५० ओहमची रुंदी सुमारे १.१ आणि ३५.४ ची सुमारे १.९ मिलिमीटर येते. दोन्ही रेषांची लांबी २२ मिलिमीटरच्या आसपास. बँडविड्थचा गळा आवळतात त्या याच रेषा.

पहिला बोर्ड बहुतेकदा फसतो तो पुढच्या पायरीवर. १०० ओहम मॅचिंगच्या बाहेरच्या तोंडाला दिसले म्हणजे आतल्या प्रवाह-स्रोताला ५७.६ दिसलेच असे नाही. ड्रेनचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आउटपुट टोकाचे, कॅपॅसिटन्स १.३ पिकोफॅरड असेल तर २ गिगाहर्ट्झवर ती ६१ ओहमची रिॲक्टन्स होते, वर पॅकेजचे इंडक्टन्स. या गोंधळात लोड उलटा फिरून अर्धा होऊ शकतो. म्हणून मुख्य मॅचिंगनंतर ५० ओहमची ऑफसेट रेषा (फेज जुळवणारा रेषेचा तुकडा) घाला आणि पॅकेजच्या पायावर नाही, आतल्या प्रवाह-स्रोतावर लोड तपासत तिची लांबी ठरवा. पीकिंग बाजूची ऑफसेट रेषा वेगळ्या कामाची: तो बंद असताना जोडबिंदूवरून त्याचा रोध किमान काहीशे ओहम दिसला पाहिजे, नाहीतर मुख्यची शक्ती त्याच्यात गळते.

इनपुटला ९० अंशांचा विभाजक लावा आणि मागे पडणारा फाटा पीकिंगला द्या, म्हणजे आउटपुटच्या पाव-तरंगाची भरपाई होते. समान वाटणी मात्र पुरत नाही. पीकिंग क्लास-सी असतो, म्हणजे अर्ध्या आवर्तनापेक्षा कमी वहन करणारा. अर्ध्या ड्राइव्हला जागा होणारा असा ट्रान्झिस्टर १२० अंश वहन करतो, आणि तेवढ्याच आकाराच्या क्लास-बी मुख्यच्या फक्त ३९ टक्के मूलभूत प्रवाह देतो. तूट राहिली की मुख्यचा लोड खाली येतच नाही आणि तो वेळेआधी संपृक्त होतो. सगळी तूट नुसत्या ड्राइव्हने भरायची तर पीकिंगला ८ डेसिबल जास्त द्यावे लागतील, मग मुख्यचा गेन उरणार नाही. म्हणून पीकिंगचा ट्रान्झिस्टर दीड-दोन पट मोठा घ्या, वर दीड-दोन डेसिबल जास्त ड्राइव्ह द्या, आणि ड्राइव्ह वाढवला तेवढा त्याचा बायस (गेटवरचे, म्हणजे इनपुट टोकावरचे, स्थिर व्होल्टेज) अधिक ऋण करा. गेटवर बायस आणि स्विंग मिळून येणारे ऋण व्होल्टेज डेटाशीटच्या मर्यादेत आहे का, हे तेव्हाच बघून घ्या.

चालू करताना आधी गेटला ऋण व्होल्टेज, मगच ड्रेन. बंद करताना आधी ड्रेन. हा क्रम चुकला तर ट्रान्झिस्टर दुसरी संधी देत नाही. मुख्यला १०० मिलिअँपिअर शांत (सिग्नल नसतानाच्या) प्रवाहावर बसवा. अखंड लहरीऐवजी छोट्या पल्सने १-१ डेसिबल वाढवत गेन आणि कार्यक्षमता यांचा आलेख काढा, आणि पीकिंगचा बायस ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी हलवा. ६ डेसिबलला उंचवटाच नसेल तर पीकिंग लवकर जागा होतोय. उंचवटा आहे पण त्यानंतर गेन धाडकन खाली येतो, तर तो उशिरा उठतोय. दोन्ही ठीक असूनही शिखरशक्ती कमी असेल तर दोन बाजूंच्या फेजमधला फरक मोजा.

ड्रेनचे व्होल्टेजच एन्व्हलपबरोबर (सिग्नलच्या चढउताराच्या बाह्यरेषेबरोबर) हलवणारे एन्व्हलप ट्रॅकिंग हा दुसरा मार्ग. त्यात बँडविड्थ पाव-तरंग रेषेत अडकत नाही, पण पुरवठ्याची कार्यक्षमता गुणली जाते: ८० टक्क्यांचा पुरवठा आणि ६० टक्क्यांचा ॲम्प्लिफायर मिळून ४८. शिवाय २० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला एन्व्हलप आणि आरएफ यांचा वेळ नॅनोसेकंदाच्या आत जुळवावा लागतो. आणि ड्रेनवर सवयीने मोठा कॅपॅसिटर ठेवू नका; तिथे काहीशे पिकोफॅरडच चालतात. डोहर्टीत मात्र नेमके उलटे: ड्रेनजवळ काही मायक्रोफॅरड नसतील तर पुरवठा एन्व्हलपबरोबर डुलतो, आणि शेजारच्या चॅनेलमधली डावी-उजवी गळती असमान दिसू लागते.

डोहर्टी सरळ नसतो, म्हणजे आउटपुट इनपुटच्या प्रमाणात वाढत नाही; त्यामुळे डिजिटल प्रीडिस्टॉर्शन (सिग्नल आधीच उलटा वाकवून विकृती रद्द करणे) धरूनच चला. त्यासाठीच्या मेमरी पॉलिनॉमियलचा (मागचे नमुनेही धरणाऱ्या बहुपदीचा) घात ७ आणि मेमरी ३-४ नमुन्यांची घेऊन सुरुवात करा. २० मेगाहर्ट्झच्या सिग्नलसाठी आउटपुट परत मोजणारा निरीक्षण रिसीव्हर १०० मेगाहर्ट्झचा हवा. गॅलियम नायट्राइडची एक खोड अशा प्रीडिस्टॉर्शनने जात नाही. मोठ्या पल्सनंतर ट्रॅपमध्ये (स्फटिकातल्या दोषांत) इलेक्ट्रॉन अडकतात, शांत प्रवाह खाली बसतो आणि पूर्ववत व्हायला मिलिसेकंद घेतो. एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या यंत्रणेत म्हणूनच प्रत्येक बर्स्टची पहिली काही चिन्हे (सिम्बॉल) खराब निघतात. प्रीडिस्टॉर्शनचे गुणांक सलग भरलेल्या चाचणी-सिग्नलवर काढू नका. खऱ्या वाहतुकीसारख्या, मध्ये शांतता असलेल्या सिग्नलवर काढा.