बॅक्युलाचा बॅकअप अडकलाय? आधी कोण कोणाशी बोलतं ते तपासा

बॅक्युला, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर, बसवल्यावर पहिल्याच रात्री जॉब (बॅकअपचं ठरवलेलं काम) अडकला, की आपण एकामागून एक पासवर्ड बदलत सुटतो. त्याआधी कागदावर तीन चौकोन काढा: डायरेक्टर (सूत्रं हलवणारा), क्लायंट (ज्याचा बॅकअप घ्यायचा ते मशीन), स्टोरेज (जिथे बॅकअप साठतो). डायरेक्टरचा पोर्ट ९१०१, क्लायंटवरच्या फाइल डीमनचा ९१०२, स्टोरेज डीमनचा ९१०३ (डीमन म्हणजे मागे सतत चालू राहणारा प्रोग्राम). डायरेक्टर या दोघांना कामाला लावतो, पण डेटा त्याच्यामार्फत जात नाही. क्लायंट स्वतःच स्टोरेजशी जोडणी करतो. क्लायंटकडून स्टोरेजकडे जाणारा हा बाण कागदावर ठळक काढा.

आता बीकन्सोल, म्हणजे बॅक्युलाला आज्ञा देण्याची खिडकी, उघडून आधी क्लायंटचं, मग स्टोरेजचं स्टेटस मागा. क्लायंट उत्तरच देत नसेल तर तिथे डीमन चालू आहे का, फायरवॉलमध्ये ९१०२ उघडा आहे का, ते पाहा. डेबियन लिनक्सवर मूळ कॉन्फिग फाइलमध्ये डीमनचा पत्ता १२७.०.०.१ असतो, म्हणजे बाहेरच्या मशीनचं त्याला ऐकूच येत नाही. तिथे मशीनचा खरा आयपी घाला. स्टोरेजच्या फाइलमध्येही हेच बघा.

जोडणी होते पण ओळख पटत नाही, अशी तक्रार आली तरच पासवर्डकडे वळा. डायरेक्टरच्या फाइलमधल्या क्लायंट विभागातला पासवर्ड आणि क्लायंटच्या फाइलमधल्या डायरेक्टर विभागातला पासवर्ड तंतोतंत जुळला पाहिजे. डायरेक्टरचं नावसुद्धा.

दोन्ही स्टेटस व्यवस्थित, तरी जॉब हलत नाही, यात माझा एक अख्खा शनिवार गेला. क्लायंट स्टोरेजला जोडला जाण्याची वाट पाहतोय, एवढंच स्क्रीनवर दिसत होतं. शून्य फाइल, शून्य बाइट. शेवटी सापडलं: डायरेक्टरच्या फाइलमध्ये स्टोरेजचा पत्ता मी ‘लोकलहोस्ट’ लिहिला होता. डायरेक्टर आणि स्टोरेज एकाच सर्व्हरवर असल्यामुळे डायरेक्टरला स्टोरेज लगेच मिळत होतं. पण हाच पत्ता तो क्लायंटच्या हाती देतो, आणि क्लायंटच्या लेखी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतःच. माझा क्लायंट, म्हणजे अकाउंट्सचा पीसी, स्टोरेज स्वतःच्याच पोटात शोधत होता. म्हणून तिथे सर्व्हरचा असा पत्ता द्या, जो क्लायंटवरूनही लागतो. क्लायंटवर बसून त्या पत्त्याच्या ९१०३ ला टेलनेट करून जोडणी लागते याची खात्री करा.

जॉब व्हॉल्यूमची (बॅकअप ज्यावर लिहिला जातो ती टेप किंवा फाइल) वाट पाहत थांबला असेल तर लेबल केलेला व्हॉल्यूम त्या जॉबच्या पूलमध्ये, म्हणजे व्हॉल्यूमच्या गटात, आहे का ते बघा. डिव्हाइसचं नाव आणि मीडिया टाइप डायरेक्टर व स्टोरेज या दोन्ही फाइलमध्ये सारखे हवेत.

फाइलला हात लावण्याआधी तिची प्रत ठेवा आणि एका वेळी एकच बदल करा. मग त्या डीमनला ‘मायनस टी’ (-t) हा पर्याय देऊन फाइल तपासा. यात लिहिण्यातली चूक पकडली जाते. दोन मशीनचे पासवर्ड जुळतात का, हे त्यातून कळत नाही. तपासून झाल्यावर डायरेक्टरला रीलोड पुरतं, बाकी दोघांना रीस्टार्ट करा.

जॉब ‘ओके’ झाला तरी लगेच उठू नका. एखादी एक्सेल फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि उघडून पाहा.