चौथ्या पायाचा हिशेब : स्कायलिफ्टच्या रचनेत नव्याने येणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, शिरपूर किंवा फैजपूर येथून यंत्र अभियांत्रिकी पूर्ण करून चाकणला, नाशिकला किंवा आपल्याच एमआयडीसीतल्या एखाद्या वाहनबांधणीच्या कारखान्यात लागलेल्या मुलामुलींच्या वाट्याला ट्रकवर बसवलेल्या उचल-मंचाचे, म्हणजे स्कायलिफ्टचे, काम आले, की सुरुवातीलाच स्थैर्याची एक तयार एक्सेल शीट त्यांच्या हाती दिली जाते. ती शीट वाईट नसते. मात्र ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते, गाडी उलटेल की नाही. आणि त्याच्या आधीचा प्रश्न, म्हणजे गाडी जमिनीवर टेकवणाऱ्या चार पायांपैकी (आउटरिगरपैकी) एका पायावर जास्तीत जास्त किती भार येऊ शकतो, हा तिच्यात बहुधा नसतोच. मला आणि माझ्या बरोबरीच्यांना ज्याने सर्वांत जास्त छळले तो हाच प्रश्न असल्यामुळे मी त्याविषयी जरा लांबण लावणार आहे.

एक सोपे उदाहरण घेऊ. बूम (उचलणारा लांब हात) आणि बास्केट (माणसे उभी राहतात तो पिंजरा) सोडून गाडीचे वजन ७,००० किलो, बूम ९०० किलो, बास्केट १०० किलो आणि त्यात दोन माणसे व अवजारे मिळून २०० किलो. ईएन २८० या युरोपीय मानकात माणशी ८० किलो आणि अवजारांचे किमान ४० किलो धरतात, त्यातून हा आकडा येतो. चारही आउटरिगर मध्यापासून दोन्ही दिशांना १.८ मीटरवर टेकलेले आहेत, बूम बाजूला काढला आहे, त्याचा गुरुत्वमध्य मध्यापासून ४ मीटरवर आणि बास्केट ९ मीटरवर आहे, आणि बास्केटची उंची साधारण १० मीटर आहे. उलटण्याच्या रेषेभोवती, म्हणजे त्या बाजूचे दोन पाय जोडणाऱ्या रेषेभोवती, बूमचा मोमेंट (वजन गुणिले अंतर) १,९८० आणि बास्केटचा २,१६० किलोग्रॅम-मीटर होतो. त्यात सेकंदाला १२.५ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब, म्हणजे चौरस मीटरला १०० न्यूटन, दोन माणसांनी हातांनी लावलेला ४०० न्यूटनचा जोर, या दोन्हींवरचा १.१ चा गुणक आणि बूम-बास्केटच्या हालचालीसाठी धरायचा दहा टक्के भार मिळवला, तरी एकूण बेरीज ५,६५० च्या आसपास राहते. समोर सावरणारा मोमेंट १२,६०० आहे. म्हणजे दुपटीहून अधिक. शीटमधला चौकोन हिरवा होतो, वरिष्ठ सही करतात आणि नवा माणूस निश्चिंत होतो.

आता बूम बाजूला न ठेवता थेट एका कोपऱ्यातल्या पायावर आणा. वारा आणि जोर तूर्त बाजूला ठेवून नुसते वजन पाहू. एकूण वजन ८,२०० किलो आणि मध्याभोवतीचा मोमेंट ६,३०० किलोग्रॅम-मीटर. कर्णावरून पाहिले तर कोपऱ्यातला पाय मध्यापासून सुमारे २.५५ मीटरवर आहे, म्हणून त्या पायावरचा भार वजा त्याच्या समोरच्या पायावरचा भार बरोबर २,४७५ किलोच्या आसपास असला पाहिजे. समतोलाची समीकरणे यापुढे काही सांगत नाहीत. समोरचा पाय अधांतरी असेल तर कोपऱ्यावर अडीच टन येतील. भार चौघांत आदर्श पद्धतीने वाटला गेला तर तीन टन तीनशे किलो येतील. आणि शेजारचे दोन्ही पाय मऊ जमिनीत बसून निकामी झाले तर त्याच कोपऱ्यावर पाच टन तीनशे किलो येतील. बूम तोच, बास्केट तीच, माणसेही तीच, आणि भार दुपटीहून जास्त बदललेला. तिवई कोणत्याही फरशीवर निमूट बसते आणि चौरंग डुगडुगतो, त्याचे कारणही हेच आहे.

येथे बहुतेकांचा पाय घसरतो, कारण मधले तीन टन तीनशे हे उत्तर दिसायला सुबक असते आणि सॉफ्टवेअरही तेच देते. सॉफ्टवेअरमध्ये आपण चारही पाय न हलणाऱ्या आधारावर ठेवलेले असतात; प्रत्यक्षातली जमीन तशी वागत नाही. रंगीत चित्र पाहून समाधान मानण्याच्या सवयीविषयी माझे मत फारसे चांगले नाही, आणि ते मी लपवतही नाही. ज्याला हा दोन टोकांमधला पल्ला कागदावर हाताने काढता येत नाही, त्याने सॉफ्टवेअर उघडूच नये, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना स्पष्ट सांगतो. त्यांना ते आवडत नाही.

आमच्या गटाने बांधलेली एक गाडी कारखान्याच्या काँक्रीटच्या अंगणात सर्व चाचण्यांत व्यवस्थित उतरली होती. पुढे पहिला पाऊस होऊन गेल्यावर ती महामार्गाच्या कडेला पथदिव्याच्या कामासाठी उभी राहिली. डावीकडचे दोन पाय डांबरावर होते आणि उजवीकडचे दोन कच्च्या साइडपट्टीवर, जिथे वर वीतभर मुरूम आणि खाली काळी माती होती. बास्केट रिकामी होती, हे नशीब. बूम फिरत मागच्या उजव्या कोपऱ्यावर आला तेव्हा त्या पायाची थाळी (जमिनीवर टेकणारी चकती) मुरुमात थोडी खचली, त्याच वेळी पुढच्या डाव्या पायाखाली बोटभर उजेड दिसू लागला, आणि ऑपरेटरने काहीही न विचारता बूम आत घेतला. शीटनुसार त्या डाव्या पायावर भरपूर भार असायला हवा होता. गाडी उलटली नाही. पण उलटण्याची रेषा जमिनीवर कायमची आखलेली असते हा आमचा समज त्या दिवशी संपला.

तापी खोऱ्यातली काळी माती हा या विषयाचा अर्धा अभ्यासक्रम आहे. उन्हाळ्यात ती दगडासारखी लागते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात तीच माती लोण्यासारखी होते. अंगठा सहज आत रुतेल अशा अतिमऊ चिकणमातीची धारणक्षमता प्राथमिक अंदाजासाठी चौरस मीटरला ५ टन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो धरतात. वरच्या उदाहरणातले पाच टन तीनशे किलो २५ सेंटिमीटर व्यासाच्या थाळीवर आले तर दाब चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ११ किलो होतो. तो अर्ध्या किलोवर आणायचा तर थाळीखाली साधारण एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद ठोकळा हवा, आणि तोही न वाकणारा, कारण पातळ प्लायवूड मधोमध दबते आणि कडा नुसत्याच वर राहतात. एवढे मोठे ठोकळे गाडीत ठेवायला जागा लागते, आणि ती जागा आरेखनाच्या पहिल्या दिवशीच राखावी लागते. नंतर ती सापडत नाही, आणि मग ऑपरेटर रस्त्याकडेला मिळेल ती फळी वापरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

जलवाहिनीसाठी खणून नुकताच बुजवलेला चर याहूनही वाईट असतो, कारण वरून तो ओळखू येत नाही. धुळ्याकडच्या एका जुन्या ऑपरेटरला, ज्यांना सगळे नाना म्हणत, मी प्रत्येक पायाच्या जागी आधी पहार मारून पाहताना बघितले आहे. पहार किती खोल जाते यापेक्षा चार ठिकाणी ती सारखी जाते का, हे ते पाहत. धारणक्षमतेच्या कोष्टकाआधी मला हे कोणी दाखवले असते तर बरे झाले असते. मार्गदर्शक निवडायचा असेल तर ज्याच्याकडे जास्त प्रमाणपत्रे आहेत त्याच्यापेक्षा, ज्याने तुटलेली किंवा कललेली गाडी उघडून पाहिली आहे, त्याच्या मागे राहावे, असे माझे मत आहे. अशी माणसे फार बोलत नाहीत आणि विचारल्याशिवाय तर मुळीच सांगत नाहीत. नानांना मी पहारीविषयी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “पहिले जमीन देख, मंग गाडी देख.”

भार असमान वाटला जातो म्हटल्यावर सबफ्रेम, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर (चॅसिसवर) बसणारी चौकट, आणखी जाड करावी, असे पहिले सुचते. त्याने अनेकदा उलटेच होते. ट्रकची चॅसिस पिळाला मऊ असते; तिच्यावर पेटीसारखी ताठ सबफ्रेम बसवली की गाडीचा चौरंग होतो, आणि जमिनीतला बोटभराचा फरकही एक पाय मोकळा करायला पुरतो. सबफ्रेम मऊ ठेवली तर पाय जमिनीशी जुळवून घेतात, पण टर्नटेबल (बूम ज्यावर फिरतो ती बैठक) कलते आणि ती कल उंचीवर जाऊन मोठी होते: ३.६ मीटर अंतरावरच्या पायांपैकी एका बाजूचे पाय ६ सेंटिमीटर खचले, तर १५ मीटर उंचीवरची बास्केट २५ सेंटिमीटर बाहेर जाते. या दोहोंच्या मध्ये कुठे थांबायचे याचे ठरीव उत्तर नाही. आम्ही टर्नटेबलखालचा भाग ताठ ठेवतो आणि प्रत्येक पाय, त्याची पेटी आणि तिचे वेल्डिंग एकूण वजनाच्या दोन तृतीयांश भारासाठी तपासतो. वरच्या उदाहरणातला पाच टन तीनशेचा आकडा त्याच्या आतच बसतो.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे काउंटरवेट, म्हणजे समतोलासाठी बसवलेले वजन, वाढवणे. हा आळशी माणसाचा उपाय आहे. ते वजन आसांवर येते, पायांवर येते, जमिनीवर येते, आणि बूम उभा करून गाडी उताराला लागली असेल तर तेच वजन तिला मागे ओढते. आउटरिगर रुंद करता येत असतील तर आधी ते करावे. रस्त्यावर धावताना वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत आणि मागचा लोंबता भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन मोटार वाहन नियमांत आहे, त्यामुळे पाय आडवे बाहेर सरकणारेच घ्यावे लागतात.

जॅकच्या, म्हणजे पाय खाली दाबणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या, बाबतीत उन्हाचा विचार फार कमी लोक करतात. हायड्रॉलिक तेल एका अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.०७ टक्क्याने प्रसरण पावते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या सिलिंडरचे तेल त्याहूनही तापलेले असते. दुपारी टेकवलेल्या जॅकमध्ये अर्धा मीटर तेलाचा स्तंभ कोंडलेला असेल आणि संध्याकाळपर्यंत तो २० अंशांनी निवला, तर तो पाय ७ मिलिमीटर आखूड होतो. व्हॉल्व गळत नसतानाही. सावलीतला पाय तेवढा आखूड होत नाही. हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. काम लांबले की समतल पुन्हा तपासावे अशी सूचना कॅबमध्ये लिहिली आणि ऑपरेटरला तिचे कारण समजावले, की हा प्रश्न जवळजवळ संपतो. मात्र पायलट चेक व्हॉल्व, म्हणजे सिलिंडरमधले तेल अडवून धरणारी झडप, थेट सिलिंडरच्या अंगावर बसलेला असावा. मधे होज (लवचीक नळी) ठेवून तो सोयीच्या जागी नेण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. होज फुटली तर तो व्हॉल्व काही धरून ठेवणार नाही.

चाके जमिनीवरून सुटलेली असावीत की नाहीत, यावर वाद होतात. टायर टेकलेले राहिले तर आसांचे आणि चाकांचे वजन जमिनीवर राहते, पाटे (स्प्रिंगा) अर्धवट ताणलेले राहतात, आणि जे वजन आपण सावरणाऱ्या बाजूला मोजले ते प्रत्यक्षात चॅसिसला लटकत नसते. म्हणून चाके सुटण्याची अट घालायची नसेल, तर हिशेबातून ते वजन वगळावे.

इंटरलॉकविषयी एकच गोष्ट सांगतो. पाय खाली आल्याशिवाय बूम हलू नये आणि बूम जागेवर बसल्याशिवाय पाय उचलू नयेत, ही व्यवस्था सगळेच करतात. पण पाय खाली आला हे कळवणारा लिमिट स्विच बहुधा सिलिंडर किती बाहेर आला तेच सांगतो. थाळीखाली जमीन आहे की खड्डा, हे त्याला माहीत नसते. पायावरचा भार मोजणारा सेन्सर महाग पडतो आणि खरेदी विभाग तोच आधी कापतो. तेव्हा वाद घाला. नवे असलात तरी घाला, आणि लेखी घाला.

हे सगळे ऐकून ज्यांना आपण चुकीच्या क्षेत्रात आलो असे वाटत असेल, त्यांना मी सांगेन की यातले गणित बारावीच्या पलीकडचे नाही आणि पहिले वर्ष सगळ्यांचेच गोंधळात जाते. मला आजही नव्या गाडीची पहिली फेरी बघताना नीट जेवण जात नाही. ती भीती पूर्णपणे जावी अशी अपेक्षा ठेवू नका, पण तिच्यामुळे प्रश्न विचारायचे थांबूही नका.

चाचणीच्या वेळी एक काम स्वतः मागून घ्या. परवानगी असलेल्या कलाच्या वर अर्धा अंश ठेवून बूम सर्व बाजूंना फिरवण्याची चाचणी मानकात आहेच. ती चालू असताना प्रत्येक जॅकच्या दाबमापकाचे आकडे दर १५ अंशांना टिपून घ्या. त्यानंतर बूम आत घेऊन, बास्केट माणसांविना चाचणी-वजनाने भरून, एका पायाखाली आधी ठेवलेली १० मिलिमीटरची पट्टी मुद्दाम काढा आणि तीच फेरी पुन्हा घ्या. चारही पायांची पाळी येऊ द्या. वरिष्ठ वेळ वाया जातो म्हणतील. दोन्ही फेऱ्यांचे आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडा, ज्या कोपऱ्यावर फरक सर्वांत मोठा आहे तिथल्या पायाची पेटी आणि ठोकळा पुन्हा तपासा, आणि तो कागद लोड चार्ट (बूम कुठे असताना किती भार चालतो याचा तक्ता) छापायला जाण्यापूर्वी गाडीच्या फाइलमध्ये लावा.