गोव्यात घर घेताना बिल्डर कसा पारखावा

बिल्डर पारखायला जुलै महिन्यासारखा महिना नाही. सॅम्पल फ्लॅट दाखवायचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, तेव्हा रंग ताजा असतो, ऊन छान असतं आणि सगळ्याच इमारती चांगल्या दिसतात. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. बांधकामाची खरी परीक्षा तिथेच होते. म्हणून बुकिंग ऑक्टोबरात करायचं असलं तरी पाहणी पावसात उरकून घ्या.

आधी त्याची जुनी इमारत बघा

तीन-चार वर्षांपूर्वी ताबा दिलेली इमारत निवडा, आणि ती तुम्ही निवडा. बिल्डर सुचवेल ती नको. गोवा रेराच्या (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी उघडली की त्या बिल्डरने मागच्या पाच वर्षांत हाती घेतलेल्या कामांची माहिती मिळायला हवी: कुठलं पूर्ण झालं, कुठलं रखडलं, कुठे खटला चालू आहे. ही माहिती देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यातून दोन ठिकाणं काढा आणि सलग दोन दिवस पाऊस लागल्यावर तिथे जा.

सर्वांत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला विनंती करून घर बघा. आपल्याकडची माणसं चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत आणि घराची तक्रार असेल तर तीही मोकळेपणाने सांगतात. छताचे कोपरे बघा. खिडकीच्या चौकटीखाली भिंत काळवंडली आहे का बघा. मग बाथरूमच्या पलीकडची, म्हणजे बहुधा बेडरूमची, भिंत जमिनीपासून वीतभर उंचीवर नीट न्याहाळा. रंगाला फोड आले असतील आणि हात लावताच भुकटी सुटत असेल, तर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग कच्चं आहे. फरशीवर नाण्याने टकटक करा. जागोजागी पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. खाली येताना जिन्यात आणि पार्किंगमध्ये पाणी कुठून झिरपतं, कंपाउंडमधलं पाणी कुठे जातं, हेही बघून घ्या.

रहिवाशांना तीनच प्रश्न पुरेत. मे महिन्यात टँकर आणावा लागतो का? ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) ताब्याआधी मिळालं की नंतर? ताबा दिल्यावर बिल्डर फोन उचलतो का? तिसऱ्याचं उत्तर देताना लोक काय म्हणतात यापेक्षा किती वेळ थांबतात, तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मग जमीन

गोव्यात माणसं बांधकामापेक्षा जमिनीच्या कागदांत जास्त फसतात, असं माझं ठाम मत आहे. बनावट कागदपत्रांनी जमिनी लाटण्याची प्रकरणं इतकी वाढली की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. पोर्तुगीज काळातले जुने दस्त खोटे तयार केल्याचे आरोप त्यातूनच पुढे आले.

एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा सरकारी उतारा) ऑनलाइन मिळतो, तो स्वतः काढा. मालकाचं नाव बघून थांबू नका. कूळ आणि इतर हक्कांचे रकाने वाचा. तिथे मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या संमतीने त्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, नाव असेल तर त्याला कायद्याचं संरक्षण आहे, ‘ते आम्ही बघून घेऊ’ या आश्वासनावर पैसे देऊ नका. जमीन वारशाने आलेली असेल तर इन्व्हेंटरीचे, म्हणजे कोर्टातून वारसांमध्ये झालेल्या वाटणीचे, कागद मागा. आपल्याकडच्या समान नागरी कायद्यामुळे विवाहित मालकाच्या बरोबरीने पती किंवा पत्नीचीही सही लागते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कुटुंबातली एक सही राहिली तरी पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

नंतर भूरूपांतराची सनद (जमीन बिगरशेती वापरायची परवानगी), नगरनियोजन खात्याची परवानगी (नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत प्राधिकरणाची) आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना. ‘प्रादेशिक आराखडा 2021’ या नावाच्या आराखड्यात तो सर्व्हे क्रमांक कुठल्या झोनमध्ये आहे हेही तपासा. मुळात ऑर्चर्ड (बागायती) झोनमध्ये असलेली जागा मागाहून सेटलमेंट (वस्ती) झोनमध्ये करून घेतली असेल, तर सावध राहा. अशा बदलांवर उच्च न्यायालयात वाद झाले आहेत.

हे सगळे कागद स्वतःच्या वकिलाला दाखवा. बिल्डरने सुचवलेला वकील बिल्डरचा असतो. बँकेने प्रकल्पाला कर्ज मंजूर केलं म्हणजे सगळं ठीक, असंही धरून चालू नका.

चालू साइटवर जा

शक्यतो न सांगता जा. नुकत्याच घातलेल्या स्लॅबवर पाणी साठवलंय का? साधारण पीपीसी (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला निदान दहा दिवस ओल हवी, आणि ऐन मे महिन्यात पाणी मारायला माणूस नसेल तर पुढे गळती ठरलेली. सळ्या आणि फळ्यांमध्ये कव्हर ब्लॉक (अंतर राखणारे छोटे ठोकळे) ठेवलेत का? किनाऱ्याजवळ खारी हवा सळ्यांना गंजवते, गंज फुगला की काँक्रीट तडकतं. भिंतीत वापरलेला चिरा (जांभा दगड) भुसभुशीत नाही ना, तेही बघा. आणि साइटवर इंजिनिअर कोण, तो रोज येतो का, हे मुकादमाला विचारा.

करार

करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याने मनाई आहे. क्षेत्रफळ कार्पेट एरियात, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेत, लिहून घ्या. जिना-लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून सांगितलेला सुपर बिल्ट-अपचा आकडा बाजूला ठेवा. ‘चतुर्थीपर्यंत चावी देतो’ हे सगळेच म्हणतात, करारात मात्र तारीख, महिना, वर्ष हवं. उशीर झाला तर बिल्डरने द्यायचा व्याजदर आणि तुमचा हप्ता चुकला तर तुम्ही द्यायचा व्याजदर एकच असतो. करारात वेगळे आकडे दिसले तर सही करू नका. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा. रोखीने काहीही देऊ नका.

एक गोष्ट बारकाईने बघा. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी सक्तीची नाही. आपल्या गावांत उभे राहणारे चार-सहा बंगल्यांचे कित्येक प्रकल्प याच सवलतीत बसतात. तिथे ताब्याची तारीख, व्याज, दोष दुरुस्तीची मुदत हे सगळं वकिलाकडून करारात घालून घ्या. बिल्डर नाही म्हणाला, तर दुसरा शोधा.

ताबा

ऑक्युपन्सी सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. ते नसेल तर वीज-पाण्याची कायमची जोडणी रखडू शकते. चावी घेताना उणिवांची यादी लेखी द्या आणि पोच घ्या. रेराखालच्या घरात ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला, तर तो बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यामुळे पहिल्या पावसात ओल दिसली की तारखेसह फोटो काढा आणि तक्रार ईमेलने पाठवा.